परतीच्या वाटेचा हिशेब मांडणारा पाणबुडा

फ्लोरिडातील गोड्या पाण्याच्या झऱ्यांखाली पसरलेल्या अंधाऱ्या गुहांत शेक एक्स्ली यांनी आयुष्याची २९ वर्षे घालवली. तेथे बुडून मेलेल्यांच्या चुका तपासून त्यांनी जिवंत परतण्याचे नियम तयार केले. ते नियम आजही शिकवले जातात. त्यांचे कर्ते मात्र ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील एका कुंडातून परतले नाहीत.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याचा उत्तर भाग वरून पाहिला तर सपाट, पाइन आणि ओकच्या झाडीने भरलेला, काहीसा कंटाळवाणाच वाटतो. या भूमीचे खरे वैभव आहे ते जमिनीखाली. तेथील चुनखडीचा खडक पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने लाखो वर्षे विरघळत राहिला आणि त्यात बोगदे, दालने, अरुंद फटी यांचे जाळे तयार झाले. हे जाळे पाण्याने भरलेले आहे. जेथे हे पाणी वर येण्यास वाट मिळते, तेथे झरा फुटतो. आपल्याकडे झरा म्हटला की डोंगराच्या कपारीतून झिरपणारी बारीक धार डोळ्यांसमोर येते. फ्लोरिडातील मोठे झरे मात्र जन्मतःच नदीएवढे असतात. निळ्या, काचेसारख्या स्वच्छ पाण्याचे विस्तीर्ण कुंड, तळाशी काळोखे तोंड आणि त्या तोंडातून अखंड बाहेर पडणारा प्रवाह, असे त्यांचे रूप असते. पाण्याचे तापमान बारा महिने सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची येथे झुंबड उडते.

त्या काळोख्या तोंडातून आत काय आहे, हे कुतूहल माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वसामान्यांच्या हाती आली. पुढील दोन दशकांत तरुणांचे जथे या झऱ्यांकडे वळले, आणि त्यांच्यापाठोपाठ तेथे मृत्यूही आला.

वर छत असलेले पाणी

समुद्रात बुडी मारणे आणि गुहेत बुडी मारणे यांतील फरक एका वाक्यात सांगता येईल. समुद्रात डोक्यावर पाणी असते, गुहेत पाण्यावर खडक असतो. अलीकडे मालवण-तारकर्लीच्या समुद्रात अनेक मराठी पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखालचे जग पाहून येतात. तेथे काही बिनसले तर वर पाहायचे, उजेड दिसतो आणि प्रशिक्षक त्या दिशेने घेऊन जातो. गुहेत वर गेले की डोके खडकाला लागते. बाहेर पडण्याचा मार्ग एकच, ज्या वाटेने आत आलो त्याच वाटेने मागे जाण्याचा.

ही वाट सापडणे सोपे नसते. गुहेच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ साचलेला असतो. पायातील एका पंखाचा चुकीचा फटकारा बसला तरी तो उसळतो आणि क्षणापूर्वी काचेसारखे असलेले पाणी चहासारखे होते. हातातील दिवा चेहऱ्याशी धरला तरी दिसत नाही. आत येताना सरळ वाटलेला बोगदा परतताना चार फाट्यांचा निघतो. भीतीने श्वास वाढतो, श्वास वाढला की हवा लवकर संपते. झऱ्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर, निष्णात पोहणारे आणि समुद्रात शेकडो बुड्या मारलेले प्रशिक्षकही अशाच रीतीने मरण पावले. झऱ्याचे रूप निष्पाप असते, पाणी स्वच्छ असते, त्यामुळे धोका नजरेला दिसत नाही. हीच त्याची खरी भीषणता होती.

गणिताचे शिक्षक

शेक एक्स्ली यांचा जन्म १ एप्रिल १९४९ रोजीचा. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल हे त्यांचे गाव. १९६५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ते पाणबुडीचे तंत्र शिकले आणि त्याच वर्षी पहिल्यांदा पाण्याखालच्या गुहेत शिरले. त्यानंतर समुद्रातील प्रवाळ किंवा बुडालेली जहाजे त्यांना फारशी खुणावू शकली नाहीत. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्या नावावर गुहेतील एक हजार बुड्या जमा झाल्या होत्या. जगात तोवर कोणी ही संख्या गाठली नव्हती. मृत्यूपर्यंत हा आकडा चार हजारांच्या पुढे गेला.

हा त्यांचा व्यवसाय नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. सुवानी नदीच्या परिसरातील लाइव्ह ओक या छोट्या गावातील सरकारी हायस्कुलात ते गणित शिकवत. आठवड्याचे पाच दिवस वर्गातील फळा आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याखालचा अंधार, असा त्यांचा क्रम होता. झऱ्यांपासून जवळ राहता यावे अशाच बेताने त्यांनी आयुष्य मांडले. कॅथीड्रल कॅन्यन नावाची एक जलमय गुहा ज्या जमिनीखाली होती, ती जमीनच त्यांनी विकत घेतली आणि तेथे घर केले. १९९०च्या सुमारास याच गुहेत ते तोंडापासून दहा हजार फुटांहून अधिक, म्हणजे तीन किलोमीटरच्या पुढे आत जाऊन परतले. त्यांची पत्नी मेरी एलन एकहॉफ याही नामवंत गुहा-पाणबुड्या होत्या. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. पाण्याखालची सोबत मात्र अखेरपर्यंत टिकली.

एक्स्ली यांच्या शरीराला एक विलक्षण देणगी होती. साधी हवा श्वासात घेऊन फार खोल गेले की तिच्यातील नायट्रोजनमुळे मद्यपान केल्यासारखी गुंगी चढते. कुणाला ३० मीटरवरच भान सुटल्यासारखे होते. एक्स्ली यांना ही गुंगी इतरांच्या मानाने कमी बाधत असे. या देणगीची कसोटी १९७१ मध्ये बहामा बेटांजवळच्या समुद्रात लागली. साध्या हवेवर सर्वाधिक खोलीचा विक्रम करण्यासाठी तिघे जण उतरले होते आणि एक्स्ली त्यांच्या मदतनीसांत होते. तिघांपैकी दोघे परत वर येईनात. त्यांना गाठण्यासाठी एक्स्ली सुमारे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरच्या आसपास खाली गेले. या खोलीवर साध्या हवेने भल्याभल्यांची शुद्ध हरपते. त्यांना रिकाम्या हाती मागे फिरावे लागले. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते.

मृत्यूंचा अभ्यास

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस फ्लोरिडातील झऱ्यांमध्ये बुडून मरणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की जमीनमालक आणि स्थानिक प्रशासन हवालदिल झाले. काही झरे बंद करण्यात आले, तर एकूणच गुहांत बुडी मारण्यावर बंदी घालावी अशी मागणी होऊ लागली. आत अडकलेले मृतदेह बाहेर काढायला जावे कोणी, हा प्रश्न असे. पोलिसांकडे अशी माणसे नव्हती. तेव्हा बोलावणे येई ते एक्स्ली आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांना.

या कामाने त्यांना जे दाखवले, ते कुठल्याही पुस्तकात नव्हते. मृताच्या टाकीत हवा किती उरली होती, त्याच्याजवळ दिवे किती होते, तोंडापर्यंत जाणारी दोरी होती की नाही, तो किती खोलीवर सापडला, या गोष्टींची ते नोंद करू लागले. इतर दुर्घटनांचे अहवालही त्यांनी जमवले. गणिताच्या शिक्षकाने उदाहरणांतून सूत्र शोधावे, तशी त्यांची पद्धत होती. सूत्र निघालेही. बहुतेक सर्व मृत्यूंमागे तीनच कारणे पुन:पुन्हा दिसत होती. गुहेच्या बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी लावलेली नव्हती; परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नव्हती; किंवा माणूस आपल्या आवाक्यापेक्षा अधिक खोल गेला होता. गुहेतील राक्षसी भोवरे, कोसळणारे छत वगैरे ज्या गोष्टींची लोकांना धास्ती वाटे, त्यांनी मेलेले जवळपास कोणी नव्हते.

हे निष्कर्ष त्यांनी १९७९ मध्ये 'बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल' या छोटेखानी पुस्तकात मांडले. पुस्तकाची रचना साधी, पण परिणामकारक होती. प्रत्येक प्रकरणात एका दुर्घटनेची हकिकत सांगायची आणि ती टाळण्याचा नियम द्यायचा. अमेरिकेतील नॅशनल स्पेलिऑलॉजिकल सोसायटी या गुहा-अभ्यासकांच्या संस्थेने पाण्याखालच्या गुहांसाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा एक्स्ली त्याचे पहिले अध्यक्ष झाले होते. या विभागामार्फत हे पुस्तक आणि त्यातील शिस्त सर्वदूर पोहोचली.

एक तृतीयांशाचा नियम

त्यांच्या नियमांपैकी सर्वांत प्रसिद्ध नियम हवेच्या वाटणीचा आहे. तो एकट्या एक्स्ली यांनी शोधला असे नव्हे. तो का पाळायचा हे आकडेवारीनिशी पटवून देऊन रूढ करण्यात मात्र त्यांचा वाटा मोठा. नियम असा : जवळच्या हवेचे तीन समान भाग करा. पहिला भाग आत जाण्यासाठी. तो संपताच, समोर कितीही मोहक दालन दिसत असले तरी, मागे फिरा. दुसरा भाग बाहेर येण्यासाठी. तिसऱ्याला हात लावायचा नाही.

तिसरा भाग स्वतःसाठी नसतो, तो सोबत्यासाठी असतो. समजा, दोघे जण गुहेच्या सर्वांत आतल्या टोकाला पोहोचले आणि नेमक्या त्याच क्षणी एकाची सारी हवा गेली. दुसऱ्याजवळ दोन तृतीयांश हवा शिल्लक आहे. बाहेर येण्यास प्रत्येकाला एक तृतीयांश लागणार. म्हणजे दोघांना पुरेल एवढी हवा आहे, पण त्याहून एक घोटही जास्त नाही. घाबरून श्वास वाढला तर तीही कमी पडेल. त्यामुळे हा नियम म्हणजे किमान मर्यादा, हेही शिकवले जाते. झऱ्यात पाणी बाहेर वाहते, त्यामुळे परतताना प्रवाहाची साथ मिळते. जेथे पाणी आत ओढले जाते, अशा विवरांत मात्र परतीलाच जास्त हवा लागते आणि तेथे हा हिशेबही अपुरा ठरतो.

एकाची हवा दोघांनी कशी घ्यायची, याचेही उत्तर हवे होते. पूर्वी श्वास घेण्याची नळी एकच असे आणि ती आळीपाळीने तोंडात धरावी लागे. अंधारात, घाबरलेल्या माणसाबरोबर हे जमणे कठीणच. प्रत्येकाने श्वासाची दुसरी नळी जवळ बाळगावी आणि तिची लांबी अरुंद वाटेतून दोघांना एकामागे एक पोहता येईल एवढी असावी, ही पद्धत रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एक्स्ली यांना दिले जाते. आज ती सर्वत्र रूढ आहे.

दोरीचा नियम त्याहून साधा. रिळावर गुंडाळलेली नायलॉनची बारीक दोरी मोकळ्या पाण्यात बांधायची आणि सोडत सोडत आत जायचे. गाळ उसळला, दिवा विझला, तरी बोटांच्या चिमटीत दोरी धरून बाहेर येता येते. पुढे या तीन नियमांत आणखी दोघांची भर पडली. गुहेचे खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय आत जाऊ नये आणि प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे असावेत. आज फ्लोरिडा आणि मेक्सिकोतील कित्येक झऱ्यांच्या तळाशी, उजेड संपतो त्या जागी, यमदूताचे चित्र असलेला फलक लावलेला दिसतो. अशा गुहांत ३०० हून अधिक पाणबुडे, त्यांत प्रशिक्षकही, मरण पावल्याची आठवण तो फलक करून देतो आणि प्रशिक्षण नसलेल्यांना येथूनच मागे फिरण्यास सांगतो. त्यामागील विचार एक्स्ली यांच्या पिढीने घडवलेला आहे.

खोलीची ओढ

येथवरची कथा एका शहाण्या, सावध शिक्षकाची आहे. पण एक्स्ली यांच्या स्वभावाला दुसरीही बाजू होती. ज्या गुहेचा तळ कोणी पाहिला नाही, तेथे त्यांना जायचे असे.

१९८३ मध्ये जर्मनीचे योखेन हासेनमायर फ्रान्समधील व्होक्लूझच्या प्रसिद्ध झऱ्यात २०५ मीटर खोल गेले होते. एवढ्या खोलीवर साध्या हवेचा उपयोग नसतो. तिच्यातील नायट्रोजन बेशुद्ध करतो आणि प्राणवायूही विषासमान होतो. म्हणून हेलियम मिसळलेले वायू वापरावे लागतात. खोलीनुसार वेगवेगळे मिश्रण, प्रत्येकाचे वेगळे सिलिंडर. वर येताना तर अधिकच कसोटी. दाबाखाली रक्तात विरघळलेले वायू एकदम बाहेर पडले तर माणूस पंगू होतो किंवा मरतो. त्यामुळे ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटे थांबत, दोरीला धरून, वर सरकावे लागते. खाली जायला काही मिनिटे आणि वर यायला तासांमागून तास, असा हा व्यवहार.

मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात मान्ते नदीचा उगम असलेल्या झऱ्यात एक्स्ली १९८८ मध्ये ७८० फूट, म्हणजे २३८ मीटर आणि १९८९ मध्ये ८८१ फूट, म्हणजे २६८ मीटर खोल गेले. तेथील दाब पृष्ठभागावरच्या सुमारे २७ पट असतो. एवढ्या खोलीवर पाठीवर टाक्या बांधून तोवर कोणीही पोहोचले नव्हते. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट या विवरात ते ८६३ फुटांपर्यंत उतरले. या बुडीत त्यांना एका नव्या शत्रूची ओळख झाली. हेलियमयुक्त मिश्रण घेऊन वेगाने फार खोल गेले की मज्जासंस्थेवर दाबाचा परिणाम होतो. हात-पाय थरथरतात, दृष्टी विचित्र होते. एक्स्ली यांना हा त्रास तेथे जाणवला. तरीही ते सुखरूप वर आले.

साकातोन

तामाउलिपासमध्येच साकातोन नावाचे एक कुंड आहे. उभ्या कड्यांच्या मधोमध गोलाकार, उबदार, गंधकयुक्त पाणी आणि त्यावर तरंगणारी गवताची बेटे. या गवतावरूनच त्याला हे नाव पडले. अमेरिकी पाणबुडे जिम बोडन यांनी त्याचा शोध चालवला होता. तळ कोणालाच ठाऊक नव्हता. एक हजार फुटांची सीमा ओलांडण्याचा बेत एक्स्ली आणि बोडन यांनी आखला.

६ एप्रिल १९९४ च्या सकाळी दोघे वेगवेगळ्या दोऱ्यांवरून एकाच वेळी खाली निघाले. एक्स्ली यांनी पाचच दिवसांपूर्वी ४५ वर्षे पूर्ण केली होती. बोडन ९२५ फुटांवर पोहोचले. मिश्रण अपेक्षेपेक्षा वेगाने संपत असल्याचे पाहून ते तेथून फिरले आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर आले. तो त्या काळचा विक्रम ठरला. एक्स्ली यांच्या दोरीजवळ येणारे श्वासाचे बुडबुडे मात्र थांबले होते. वर वाट पाहणाऱ्या मेरी एलन त्यांच्या दोरीने खाली गेल्या. खालून बुडबुडे येत नव्हते. काय घडले ते त्यांना उमगले.

तीन दिवसांनी दोऱ्या व टाक्या वर ओढण्यात आल्या, तेव्हा दोरीबरोबर एक्स्ली यांचा देहही वर आला. दोरी त्यांच्याभोवती गुंडाळलेली होती. ते सुमारे ९०० फुटांच्या आसपास पोहोचले होते असे त्यांच्याजवळच्या उपकरणांवरून दिसले. मृत्यूचे नेमके कारण निश्चित झाले नाही. अतिदाबाने मज्जासंस्थेवर झालेला परिणाम आणि त्यात नायट्रोजनची गुंगी, असा सहकाऱ्यांचा तर्क होता. दोरी अपघाताने गुंडाळली गेली, की आपला देह काढण्यासाठी कोणाला जीव धोक्यात घालावा लागू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच गुंडाळून घेतली, याची चर्चा पुढे होत राहिली. आयुष्यभर इतरांचे मृतदेह बाहेर काढणाऱ्या माणसाविषयी तसा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. खरे काय, ते त्या पाण्यालाच ठाऊक.

नियम आणि माणूस

एक्स्ली यांच्या मृत्यूने जगभरातील गुहा-पाणबुडे हादरले. हा माणूस मरू शकतो, तर मग सुरक्षित कोण, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर एक्स्ली यांच्याच पुस्तकात होते. आवाक्याबाहेरची खोली हे त्यांनी स्वतः सांगितलेल्या तीन कारणांपैकी एक. साकातोनमध्ये दोरी अखंड होती, वायूचा हिशेब मांडलेला होता, अनुभवाची कमतरता नव्हती. आवाका कोठे संपतो, हे मात्र तेथवर आधी कोणीच गेलेले नसल्यामुळे कोणालाच सांगता येत नव्हते. ज्या रेषेपलीकडे जाऊ नका असे ते विद्यार्थ्यांना बजावत, ती रेषा स्वतःसाठी त्यांनी वर्षानुवर्षे खाली खाली ढकलत नेली होती. यात ढोंग नव्हते, पण विसंगती होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली.

त्यांचे खोलीचे विक्रम पुढे मोडले गेले. साकातोनच्या तळाचा ठाव अखेर २००७ मध्ये माणसाने नव्हे, तर एका यंत्रमानवाने घेतला. तो तळ ३०० मीटरहून खोल निघाला. एक्स्ली यांचे आत्मकथन 'कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन' त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आज ते अभ्यासक आणि हौशी वाचक यांच्यापुरते उरले आहे. नियमांचे मात्र तसे झाले नाही.

२०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले, ती घटना आपल्याकडेही अनेकांच्या स्मरणात असेल. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामात सल्ला देण्यासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे गेले होते. मुलांना बाहेर काढणाऱ्या पथकाच्या अग्रभागी होते ब्रिटनचे गुहा-पाणबुडे. त्यांची परंपरा एक्स्ली यांच्याहून वेगळी आणि जुनी. पण गढूळ पाण्यात, काही दिसत नसताना, ज्या एका गोष्टीच्या आधाराने त्यांनी एकेक मूल बाहेर आणले, ती होती गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत बांधलेली अखंड दोरी. त्या मोहिमेत थायलंडच्या नौदलातील एका माजी जवानाने प्राण गमावले, तेही आत टाक्या पोहोचवून परतताना.

फ्लोरिडातील झऱ्यांवर आजही दर शनिवार-रविवारी पाणबुडे जमतात. पाण्यात उतरण्यापूर्वी ते काठावर थांबून टाकीतील दाब एकमेकांना सांगतात, त्याला तिनाने भागतात आणि कोणत्या आकड्यावर मागे फिरायचे ते ठरवतात. सर्वांत कमी हवा ज्याच्याकडे असेल, त्याचा आकडा सर्वांचा. मग पहिला माणूस रिळाचे टोक मोकळ्या पाण्यातील एखाद्या ओंडक्याला बांधतो, ओढून पाहतो आणि काळोखाकडे वळतो.